उच्छ्वासाचा इतिहास

शरीरसंपदा कमावण्याच्या जागींच रोगाची देवघेव व्हावी, हा दैवदुर्विलास खरा. पण तो अगदींच अनपेक्षित नव्हता. १८९७ सालीं ब्रेस्लाव येथें कार्ल फ्ल्यूगे या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञानें बोलतांना व खोकतांना उडणाऱ्या तुषारांतून जंतु पसरतात हें दाखविलें. हे तुषार लवकर खालीं पडतात, तेव्हां चार हात दूर राहिलें म्हणजे झालें, असा समज पुढें रूढ झाला. १९३४ सालीं अमेरिकेंत विल्यम वेल्स यांनीं पुढची पायरी दाखविली : सूक्ष्म तुषार जमिनीवर पडण्यापूर्वींच वाळतात, आणि त्यांचे अवशेष हवेंत तरंगत राहतात. तरी व्यवहारांत अंतराचा जुना नियमच मुख्य राहिला.

२०२० च्या आरंभीं दक्षिण कोरियांतील चेओनान शहरीं नृत्यव्यायामाच्या वर्गांतून करोनाची सांथ फैलावली. १२ क्रीडागृहांशीं संबंधित ११२ रुग्ण निघाले. उलट, बाधा झालेल्याच एका शिक्षिकेच्या सात-आठ जणांच्या संथ योगवर्गांत कोणासहि लागण झाली नाहीं. या भेदावर २०२२ सालीं म्युनिक येथील मापनानें प्रकाश पडला : विश्रांतींत मनुष्य मिनिटाला सरासरी सुमारें ५८० सूक्ष्म कण सोडतो, तर पराकाष्ठेच्या श्रमांत सुमारें ७६,०००!

यावरून व्यायाम त्याज्य ठरत नाहीं. खिडक्या उघड्या असाव्या, गर्दी थोडी असावी, आणि ज्वर-खोकला असणारानें घरीं राहावें, एवढेंच ठरतें. वेल्स यांचा धडा वेळींच गिरवला असता, तर तो इतका महाग पडला नसता.