सरकारी वकिलाची खुर्ची कोणाच्या हाती?

खून, दरोडा, बलात्कार अशा गुन्ह्याचा खटला सत्र न्यायालयात उभा राहतो, तेव्हा फिर्यादीची बाजू चालवण्याचा अधिकार एकाच माणसाला असतो. तो म्हणजे सरकारी वकील. ज्याचा माणूस गेला त्या घराने स्वतःचा वकील दिला, तरी त्याने सरकारी वकिलाच्या सूचनेनुसारच काम करायचे, असे कायदा सांगतो. कोणता साक्षीदार तपासायचा, कोणाला वगळायचे, जामिनाला किती कसून विरोध करायचा, हे सरकारी वकील ठरवतो. खटला मागे घ्यायचा झाला तर तो अर्जही त्याच्याच सहीने जातो. इतके ज्याच्या हाती, त्याला नेमायचे कोणी आणि काढायचे कोणी? भारतात या प्रश्नाचे उत्तर अनेकदा लिहिले गेले, आणि लिहिलेले खोडलेही गेले.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते थोडक्यात होते. कलम ४९२ प्रमाणे सरकारी वकील सरकार नेमत असे. कोणाला विचारावे, किती वर्षांची वकिली पाहावी, काढताना कारण द्यावे की नाही, यावर त्या कलमात काही नव्हते. परक्या राजवटीला तशी गरज वाटली नाही. खालच्या फौजदारी न्यायालयांत तर पोलीस खात्यातलेच प्रॉसिक्यूटर उभे राहत. ज्या खात्याने तपास केला, त्याच खात्याचा माणूस त्या तपासाची बाजू मांडी.

तरीही त्याच काळात न्यायालये या पदाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली होती. १८९४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की, आरोपीला कसेही करून शिक्षा मिळवून देणे हे सरकारी वकिलाचे काम नाही. सगळी हकिकत न्यायालयापुढे प्रामाणिकपणे ठेवणे हे त्याचे काम आहे. पुढच्या अनेक निकालांनी हीच भूमिका धरली. मेख मात्र तेव्हापासून तशीच आहे. वकिलाने स्वतंत्र बुद्धीने वागावे असे न्यायालय म्हणते, आणि त्याची नेमणूक व बडतर्फी सरकारच्या मर्जीवर राहते.

स्वातंत्र्यानंतर मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात अभियोगाची यंत्रणा पोलिसांपासून वेगळी काढण्याची शिफारस केली. १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता लागू झाली. तिच्या कलम २४ ने नेमणुकीच्या टेबलाशी प्रथमच न्यायाधीशाला बसवले. उच्च न्यायालयातला सरकारी वकील नेमताना उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करायचा. जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांची यादी करायची, आणि नेमणूक त्या यादीतूनच व्हायची. किमान ७ वर्षांची वकिली हवी. ही तरतूद शहाणपणाची होती, कारण कोणता वकील तयारी करून येतो, कोण तारखा मागतो, कोण साक्षीदाराला नीट उलगडतो, हे सत्र न्यायाधीश रोज पाहत असतात. पालकमंत्र्याला किंवा पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला ते दिसत नाही. त्याला आपला माणूस दिसतो.

महाराष्ट्राने हा न्यायाधीश टेबलावरून उठवला. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८१ च्या अधिनियम क्रमांक ३४ ने, राज्यापुरते कलम २४ बदलण्यात आले. उच्च न्यायालयाशी विचारविनिमयाचे शब्द गाळले गेले. जिल्ह्याच्या यादीसाठी ‘सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून’ याऐवजी ‘राज्य शासनाच्या मान्यतेने’ असे शब्द आले. म्हणजे शासनाकडे जाणाऱ्या यादीला आधी शासनाचीच मान्यता. त्यानंतर राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली, एकमेकांचे अनेक निर्णय त्यांनी फिरवले. हा मात्र दशकानुदशके कायम राहिला. राज्याच्या सार्वजनिक जीवनात या दुरुस्तीची जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशा मोकळ्या हाताने काय घडू शकते, हे त्याच सुमारास बिहारमध्ये दिसले. पाटणा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात १९७९ मध्ये माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले होते, आणि तेव्हाच्या सरकारने विशेष सरकारी वकील नेमला होता. जून १९८० मध्ये मिश्र पुन्हा मुख्यमंत्री झाले. सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले, त्यासाठी दुसरा वकील पुढे आला आणि जून १९८१ मध्ये त्याने अर्ज दिला. आधीच्या वकिलाची नेमणूक रद्द झालेली नसताना हा अर्ज चालतोच कसा, असा आक्षेप घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. १९८२ च्या डिसेंबरात दोन विरुद्ध एक मतांनी माघार कायम झाली. विरोधी मत न्या. तुळजापूरकर यांचे होते. पुढे पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे प्रकरण गेले आणि १९८६ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल तसाच राहिला. या वेळी सरन्यायाधीश भगवती अल्पमतात होते. माघारीचा निर्णय सरकारी वकिलाने स्वतः विचार करून घ्यावा, हे तत्त्व कोणीच नाकारले नव्हते. पण विचार करणारा माणूसच बदलता येत असेल, तर त्या तत्त्वाने राखण होते कसली?

उत्तर प्रदेशात बदलाचे प्रमाण वेगळेच होते. तिथे डिसेंबर १९८९ मध्ये सत्तांतर झाले. ६ फेब्रुवारी १९९० च्या एका परिपत्रकाने राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतील सगळ्या सरकारी वकिलांच्या नेमणुका २८ फेब्रुवारीपासून संपवण्यात आल्या. कोणाची मुदत उरली आहे, कोणाचे काम चांगले आहे, काहीही न पाहता. ‘श्रीलेखा विद्यार्थी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक मनमानी ठरवून रद्द केले. सरकारी वकील आणि सरकार यांचे नाते खासगी अशील-वकिलाचे नाही, त्यात लोकांचा हिस्सा आहे, असे न्यायालयाने सांगितले. काही महिन्यांतच, १९९१ मध्ये, उत्तर प्रदेशानेही कायद्यातून न्यायाधीशांशी विचारविनिमयाची अट काढून टाकली. एका दाराला न्यायालयाने कडी घातली, तर दुसरे उघडण्यात आले.

काढलेल्यांची बाजूही नेहमी स्वच्छ नसते, हे मान्य करायला हवे. उत्तर प्रदेशच्याच उच्च न्यायालयातील विधी अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की, गुणवत्ता न पाहता मागच्या दाराने आलेल्यांनी त्याच दाराने बाहेर जावे लागले म्हणून तक्रार करू नये. कटू असले तरी ते खरे आहे. ज्याची नेमणूक वशिल्याने झाली, त्याला बडतर्फीच्या वेळी न्याय मागताना आधार उरत नाही. म्हणून खरी दुरुस्ती नेमणुकीपासून सुरू होते.

महाराष्ट्रात या नेमणुकांची एक बाजू सुधारली, तीही न्यायालयामुळे. १९७४ नंतरही पोलीस प्रॉसिक्यूटरांना फक्त नवे पदनाम मिळाले होते. ताबा पोलीस खात्याचाच होता. ‘शहाणे’ प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वेगळा संवर्ग आणि वेगळा विभाग करण्याचा आदेश राज्याला दिला. आज सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो. सत्ता बदलली म्हणून त्याला घरी पाठवता येत नाही. खालच्या न्यायालयात जे जमले, ते खुनाचे खटले चालणाऱ्या सत्र न्यायालयात का जमू नये?

तिथली अस्वस्थता संपलेली नाही. २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातील विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जून २०१५ मध्ये उघडपणे सांगितले की, दिल्लीतले सरकार बदलल्यावर राष्ट्रीय तपास संस्थेच्या (एनआयए) अधिकाऱ्याने त्यांना सौम्य भूमिका घेण्यास सुचवले. एनआयएने ते नाकारले. कोणाचे खरे, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही. पण पद सरकारच्या मर्जीवर असले की असा संशय कायमचा फिटतही नाही, आणि त्यात पीडित व आरोपी दोघांचेही नुकसान होते. २०१६ मध्ये पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की, सरकारी विधी अधिकाऱ्यांची निवड पारखून, पारदर्शक पद्धतीनेच व्हावी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १८ च्या मूळ मजकुरात उच्च न्यायालयाशी विचारविनिमय आहे, जिल्ह्याच्या यादीसाठी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलतही आहे. मात्र अभियोग संचालकाच्या नेमणुकीला मुख्य न्यायमूर्तींची सहमती लागेल, ही २००५ च्या दुरुस्तीने आणलेली अट नव्या कलम २० मध्ये नाही, आणि संचालनालय गृह विभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली आहे. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले.

महाराष्ट्राने १९८१ ची चूक नव्या संहितेत पुन्हा करू नये. सत्र न्यायाधीशांचे मत लेखी घ्यावे, ते डावलले तर कारणे नोंदवावीत. मुदत ठरावीक असावी, आणि मुदतीआधी काढायचे तर कारण लेखी द्यावे व वकिलाला म्हणणे मांडू द्यावे. यासाठी नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. आपला माणूस बसवण्याचा मोह तेवढा सोडावा लागतो. आज सत्तेत असलेले उद्या विरोधात असतील, कदाचित आरोपीच्या पिंजऱ्यातही असतील. तेव्हा समोर उभा असलेला सरकारी वकील कोणाच्या फोनला बांधलेला नाही, याची खात्री त्यांनाही हवीच असेल.