शेलीची होडी आणि वाऱ्याचे माप

कवी शेलीच्या अंताची चर्चा आपल्याकडे बहुधा 'नियती' या शब्दापाशी थांबते. ८ जुलै १८२२ रोजी दुपारी तो इटलीतील लिव्होर्नो बंदरातून लेरिचीकडे निघाला. सोबत मित्र एडवर्ड विल्यम्स आणि एक खलाशी पोर. होडी हौसेची, सुमारे २४ फुटी, वरून उघडी. शिवाय काही दिवसांपूर्वीच तिच्यावर जादा शिडे चढवलेली. वाटेत वादळाने गाठले आणि तिघेही बुडाले.

वाऱ्याला माप नव्हते असे नाही. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्ट याने १८०६ मध्येच रोजनिशीत वाऱ्याला क्रमांक दिले होते. नौदलाने ते अधिकृतपणे स्वीकारले १८३८ मध्ये. या मापाचे मर्म असे, की त्यात वाऱ्याचा वेग नव्हता; त्या वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडे पेलतील, हे होते. म्हणजे 'वारा किती?' एवढे विचारून भागत नाही. 'माझ्या होडीला तो पेलेल का?' हेही विचारावे लागते. आज हौशी नावाड्याच्या हाती हवामानाचे अंदाज आहेत, तरी हा प्रश्न त्याला किनाऱ्यावरच सोडवावा लागतो.

वादळ नियतीचे म्हणता येईल. शिडे मात्र माणसांनी चढवली होती.