ब्रुकलिन टेक्निकल हायस्कूल

न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन विभागातले सार्वजनिक विद्यालय. स्थापना १९२२. फोर्ट ग्रीन येथील प्रचंड इमारतीच्या छतावर रेडिओ मनोरा आहे. सुरुवातीला फक्त मुलांसाठी असलेली ही शाळा १९७० मध्ये मुलींना खुली झाली. येथे सुमारे ६,००० विद्यार्थी विनाशुल्क शिकतात. वरच्या इयत्तांत ते अभियांत्रिकी, वास्तुरचना यांसारखा विशेष विषय निवडतात. प्रवेश मुख्यतः शहरव्यापी परीक्षेतील गुणांवर मिळतो. स्थलांतरित कुटुंबांतील असंख्य मुलांना या परीक्षेने उच्च शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. मात्र कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांचे प्रमाण शहराच्या मानाने फारच कमी असल्याने ही पद्धत सतत वादात असते. नाझी जर्मनीतून आलेले आर्नो पेन्झियस (भौतिकीचे नोबेल, १९७८) हे येथील माजी विद्यार्थी.