सातबाऱ्यावरची बाई

आमच्याकडं पेरणीपासून मळणीपर्यंत रान बाईच्या हातात. सातबारा मात्र बाप्याच्या नावावर. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात हजारो बायका जमल्या. पुढं संघटनेची ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. गावोगावच्या कारभाऱ्यांनी आपखुशीनं बायकोच्या नावावर जमीन केली. 1994 साली महाराष्ट्रानं लेकींना वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतका वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळल्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तीही अट गेली.

हक्कसोडाचा कागद मात्र गेला नाही. माझ्या विधवा आत्यानं साडीचोळीवर अंगठा दिला. “जमिनीपायी माहेर तोडू व्हय रं?” म्हणाली. त्या दिवशीही ती दुसऱ्याच्या रानातली खुरपणी अर्धी टाकून आली होती.