पायऱ्या, टाकी, घोंगडी आणि दोर

डोंगरावर जाताना बरोबर काय घ्यायचे, हा प्रश्न सहलीच्या आदल्या दिवशी प्रत्येक शाळेत निघतो. याद्या होतात, त्यात भर पडत जाते आणि पिशवी जड होते. या साध्या प्रश्नालाही मोठा इतिहास आहे. तो समजून घ्यायला नाशिक जिल्हा फार सोयीचा आहे. उत्तरेला बागलाणातील साल्हेर (१,५६७ मीटर) आणि दक्षिण सीमेवरील कळसूबाई (१,६४६ मीटर) यांच्या दरम्यान डोंगरी किल्ल्यांची दाटी आहे. या किल्ल्यांवर पूर्वीची माणसे आजच्या साधनांशिवाय नित्य ये-जा करीत. ती कशी?

याचे उत्तर असे, की त्यांची बरीचशी साधने पाठीवर नव्हतीच. ती डोंगरातच कोरलेली होती.

कातळातली साधने

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. कठीण बेसाल्टचा थर झिजायला वेळ लागतो, त्याच्या वरखालचा मऊ थर लवकर झिजतो. म्हणून आपल्या डोंगरांना आडव्या माच्या आणि उभे कडे अशी रचना येते. माचीवर चालता येते. अडचण येते ती कड्यापाशी. त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर किल्ल्यावर ही अडचण कशी सोडवली आहे ते पाहण्यासारखे आहे. जवळजवळ शिडीसारख्या उभ्या कातळात पायऱ्या खोदल्या आहेत आणि पायऱ्यांच्या दोन्ही कडांना बोटे अडकवण्यासाठी खोबण्या ठेवल्या आहेत. पायाला आधार, हाताला पकड. आज हेच काम करणारी साधने गिर्यारोहक कमरेला लटकवून नेतो.

दुसरे साधन पाण्याचे टाके. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. चढणाऱ्या माणसाला दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागते, म्हणजे दोन दिवसांचे ओझे सहा ते आठ किलो! संपूर्ण शिबंदीचे पाणी असे वाहून नेणे अशक्यच. भेगा नसलेल्या बेसाल्टमधून पाणी सहसा झिरपत नाही, हे ओळखून गडागडावर टाकी खोदली गेली. काही टाकी कातळाच्या पोटात असल्याने त्यांवर ऊन पडत नाही आणि बाष्पीभवन कमी होते.

पाठीवर काय होते?

जे वाहून न्यावे लागे ते मोजकेच असे. भाकरी, भाजलेल्या धान्याचे पीठ, गूळ. हे पदार्थ घरीच भाजून झालेले असल्याने वर सरपण लागत नाही. कळसूबाईच्या माथ्यावर पाणी सुमारे ९४.५ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजायला खालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे लक्षात घेतले तर या शिदोरीतले शहाणपण कळते.

आणि घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे हे जाडेभरडे वस्त्र पांघरूण, अंथरूण आणि पावसातली खोळ अशी तिन्ही कामे करते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही. शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते. कुरळ्या तंतूंमध्ये कोंडलेली हवा ऊब राखते. सुती कापड भिजले की अंगाला चिकटते, त्यातली हवा निघून जाते आणि अंगातली उष्णता वेगाने बाहेर पडते. पावसाळी सहलीत सुती कपड्यांवर भिस्त ठेवू नये, ती याच कारणाने.

१८१८ नंतर

एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि पाठोपाठ या भागातले इतर किल्ले पडले. किल्ले पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून अनेक ठिकाणी वाटा सुरुंगाने उडवण्यात आल्या. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. कळसूबाईच्या रांगेतील अलंग आणि मदन यांच्या वाटा मात्र तुटल्या. जिथे पूर्वी सैनिक पायऱ्यांनी चढत, तिथे आज दोराशिवाय जाता येत नाही. डोंगरातले साधन नष्ट झाले, म्हणून ते पाठीवर आले.

हा दोर कसला असावा? अंबाडी किंवा घायपाताचे दोर भिजून कुजतात आणि फारसे ताणले जात नाहीत. १९३५ मध्ये वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केले आणि चित्र पालटले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत नायलॉनचेच दोर होते. नायलॉनचा मोठा गुण म्हणजे ते ताणले जाते. हिशेब करून पाहू. ६० किलोचा माणूस दोन मीटर पडला आणि दोराने त्याला अवघ्या १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर दोरावर व शरीरावर सरासरी सुमारे १२,३०० न्यूटन बल येते. तोच दोर एक मीटर ताणला गेला तर बल सुमारे १,८०० न्यूटनवर येते. पडलेला माणूस तोच, उंची तीच. पण एकात हाडे मोडतील, दुसऱ्यात माणूस वाचेल. म्हणून कपडे वाळत घालायची दोरी कितीही जाड असली तरी गिर्यारोहणाला चालत नाही. चांगला दोरही कुठे बांधायचा आणि कसा वापरायचा हे जाणणारा माणूस बरोबर असेल तरच उपयोगी.

वर्गात आणि वाटेवर

साधन निवडताना आपण तीन प्रश्न विचारावेत. हे काय काम करते? भिजल्यावरही ते काम करील का? हे काम वाटेवरच होण्यासारखे आहे का? तिसरा प्रश्न आपण हल्ली विसरतो. गावकऱ्यांना विचारले तर कोणत्या टाक्यात बारमाही पाणी आहे हे समजते. मात्र आज बरीच टाकी गाळाने आणि प्लॅस्टिकने भरली आहेत, त्यांतले पाणी गाळून आणि उकळूनच प्यावे.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. समान वजनाचे लोकरी आणि सुती कापड भिजवून पिळावे, गरम पाण्याच्या दोन सारख्या बाटल्यांभोवती गुंडाळावे आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवावे. पुढच्या सहलीत एखाद्या गडावरचे टाके मोजून त्यात किती लिटर पाणी मावेल आणि ते किती माणसांना किती दिवस पुरेल, हे काढावे. त्या गणितानंतर टाक्यात रिकामी बाटली टाकायला मुलांचा हात धजणार नाही.