मोरचूद, मित्रबुरशी आणि मागे उरलेलं

आज एका साध्या शब्दाचा इतिहास सांगतो. शब्द आहे 'अवशेष'. काम झाल्यावर मागे उरतं ते.

फ्रान्सच्या द्राक्षबागांत 1878 साली अमेरिकेतून आलेला केवडा रोग आढळला. बोर्दोकडचे बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. हेतू एवढाच, की जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत. प्राध्यापक मियार्दे यांनी पाहिलं, की नेमक्या त्याच वेलींची पानं शाबूत आहेत. 1885 मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. आपल्या नाशिक-सांगलीकडे फवारतात ते बोर्डो मिश्रण हेच.

पण तांबं पडलं मूलद्रव्य. ते मोडत नाही, मातीत साठत जातं. बुरशी त्याला फार तर धरून ठेवील, संपवणार नाही.

1960 नंतर बेनोमिल, कार्बेन्डाझिम ही नव्या जातीची बुरशीनाशकं आली. यांचे रेणू कार्बनचे, म्हणजे मोडता येण्याजोगे. पण मोडणार कोण? 1985 मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकेत बम्पस, ऑस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लाकूड कुजवणारी एक बुरशी डीडीटीसारखे चिवट पदार्थसुद्धा मोडते. लाकडातलं लिग्निन फोडायला ती जी विकरं बाहेर सोडते, ती समोर काय आहे याची फारशी निवड करत नाहीत. पुढे ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीच्या काही वाणांनी प्रयोगात कार्बेन्डाझिम मोडल्याचंही दिसलं. बघा, जे बुरशी मारायला केलं, ते एक बुरशीच पचवते!

इथे थोडं थांबू या. नैयायिक 'प्रध्वंसाभाव' सांगतात. घडा फुटला की घडा नाहीसा होतो; पण खापऱ्या उरतातच ना? बेनोमिल मोडलं की कार्बेन्डाझिम तयार होतं, आणि तेही बुरशीनाशकच. म्हणजे मोडणं निराळं, निरुपद्रवी होणं निराळं.

म्हणून मित्रबुरशीची पुडी हाती घेणाऱ्या बागाईतदाराने दोन प्रश्न विचारावेत. हा वाण कोणतं औषध मोडतो? आणि मोडल्यावर मागे काय राहतं? उत्तर मिळेपर्यंत 'बुरशी निस्तरील' म्हणून एक फवारणी जास्त करू नये. आपलं उष्टं दुसऱ्याने काढावं, ही सवय मुळात वाईट.