वांदा : नावाचा आणि झाडाचा

सातपुड्याच्या बाजूला आंब्यामोहावर वाढणाऱ्या 'वांदा' या ऑर्किडला बांडगूळ समजून उपटून टाकणारे पुष्कळ. हा गैरसमज शब्दातच दडलेला आहे, कारण संस्कृतातील 'वन्दा' हा शब्द परोपजीवी वनस्पतींनाही लावला जाई. सर विल्यम जोन्स यांच्या भारतीय वनस्पतींवरील टिपणांत तो आला. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ साली, प्रसिद्ध झाली. १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांनी तेच नाव वनस्पतिशास्त्रात रूढ केले. १९८१ साली सिंगापूरने निवडलेले राष्ट्रीय फूलही 'वांदा' याच नावाने ओळखले जाते. आपण मात्र त्याला बांडगूळच म्हणत राहिलो!

वस्तुतः हे झाड आंब्याचा रस शोषीत नाही. केवळ आधार घेते. मुळांवरील पांढरे आवरण पाणी टिपते व ओले होताच हिरवट दिसते. म्हणून परसात लावताना मातीत पुरू नये. वादळात पडलेल्या फांदीवरचे रोप आंब्याच्या सालीला सुतळीने बांधावे. सकाळचे कोवळे ऊन, दुपारची सावली द्यावी. वैशाखातील कोरड्या वाऱ्यात दोन वेळा शिंपण हवे, पावसाळ्यात सहसा नको. संत्र्याच्या बागेत वावरलेला तिगाव-पांढुर्ण्याचा हात येथे पाणी जास्तच घालतो, आणि मुळे कुजतात. रोप जगले तर तपकिरी जाळीची पिवळसर, जांभळ्या ओठाची सुवासिक फुले येतात.

याची मुळे 'रास्ना' म्हणूनही विकली जातात. खरी रास्ना कोणती, याविषयी वैद्यांत मतभेद आहेत. तेवढ्यासाठी जंगलातून ओरबाडलेले रोप कोणी दारी आणले, तर ते घेऊ नये.